ट्यूब ॲम्प घ्यायचाय? आधी ओहम बघा, मग व्हॉल्यूम मोजा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलंच इथं लिहून काढलंय. थोडी साफसफाई केली आहे, बाकी भाषा तीच.

गेल्या काही आठवड्यांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "दादा, डेस्कवर ठेवायला ट्यूब हेडफोन ॲम्प घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी प्रत्येकाला उलट दोन प्रश्न विचारले. एक, तुमचा हेडफोन किती ओहमचा आहे? दोन, तुम्ही किती मोठ्यानं ऐकता? पहिल्याचं उत्तर निम्म्या लोकांनी दिलं. दुसऱ्याचं एकानंही नाही. मीही दोन वर्षांपूर्वी देऊ शकलो नसतो. ते न कळल्याची किंमत मी दोनदा मोजली, आधी पैशात आणि मग कानात. आजचा भाग त्यावरच आहे.

पैशाची गोष्ट आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बोनस आला. घरून काम सुरू होतं, टेबल छान लावलं होतं, दोन मॉनिटर, मेकॅनिकल कीबोर्ड. फोटोत काहीतरी कमी वाटत होतं. मग एक जुना, कोणीतरी वापरलेला ट्यूब ॲम्प साडेसतरा हजारांना घेतला. चालू केला, काचेत तो केशरी प्रकाश दिसला आणि मी खूश. हेडफोन माझा जुनाच होता, बंद कपांचा, ३२ ओहमचा.

आवाज कसा होता? खरं सांगू? घुमत होता. तबल्याचा डग्गा तर शेजारच्या खोलीत कोणीतरी पिंप बडवतंय असा येत होता. पण साडेसतरा हजार गेले होते ना! मी मित्रांना सांगत सुटलो, "काय वॉर्म साउंड आहे राव!" तीन महिने मी स्वतःलाही तेच पटवत होतो. बीटेकमध्ये सर्किटचे दोन पेपर दिलेला माणूस मी, पण एक साधा भागाकार करून बघितला नाही.

तो भागाकार आता करू. त्याआधी ट्यूब म्हणजे काय ते अर्ध्या मिनिटात.

आपल्याकडे जुनी माणसं याला 'व्हॉल्व्ह' म्हणतात. बाबा सांगतात, आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ चालू केला की लगेच आवाज यायचा नाही. आधी दिवे तापायचे, मग हळूहळू बातम्या ऐकू यायच्या. ते तापणं हेच ट्यूबचं काम. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तार तापते. तिच्यामुळे कॅथोड तापून इलेक्ट्रॉन सोडतो. समोरच्या प्लेटवर मोठा व्होल्टेज असतो, ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. मधे एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गाण्याचा बारीक सिग्नल या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होतो. नळाची चावी बोटानं फिरवल्यासारखं. म्हणून तो व्हॉल्व्ह. अशी तीन भागांची नळी ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये बनवली. १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढे घराघरांतले व्हॉल्व्ह गेले. ऑडिओवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये नवीन ट्यूब बनतात.

आता अडचण. ट्यूबला व्होल्टेज द्यायला आवडतं, करंट द्यायला नाही. ८ ओहमचा स्पीकर चालवायचा तर मधे ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ३०० ओहमचा हेडफोन असेल तर ट्रान्सफॉर्मर न घालताही भागतं. अशा ॲम्पला ओटीएल म्हणतात, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. डेस्कवरच्या बऱ्याच लोकप्रिय ओटीएल ॲम्पमध्ये ६०८० किंवा ६एएस७ नावाची जाडजूड ट्यूब असते. गंमत म्हणजे ही ट्यूब गाण्यांसाठी बनलेलीच नव्हती. ती पॉवर सप्लायचा व्होल्टेज स्थिर ठेवायला बनवली होती. तिचा आतला रोध बाकी ट्यूबपेक्षा खूप कमी असतो, म्हणून हेडफोनवाल्यांनी ती उचलली.

'खूप कमी' म्हणजे तरी किती? अशा ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स साधारण १२० ओहमच्या आसपास पडतो. इम्पिडन्स म्हणजे सिग्नलच्या वाटेतला अडथळा. ॲम्पच्या आत १२० ओहम आणि पुढे तुमचा हेडफोन, असे दोघं एका ओळीत उभे असतात आणि व्होल्टेज दोघांत वाटला जातो. शाळेतला व्होल्टेज डिव्हायडर, बस.

माझा हेडफोन ३२ ओहमचा. ३२ भागिले १५२, म्हणजे ०.२१. थोडक्यात, पाचातले चार हिस्से ॲम्पच्या पोटातच गेले. इतकंच असतं तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण हेडफोनचे ओहम सगळ्या स्वरांना सारखे नसतात. कितीतरी हेडफोनमध्ये खालच्या बेसच्या भागात ते वाढतात. समजा तिथं ३२ चे ६४ झाले. आता ६४ भागिले १८४, म्हणजे ०.३५. बेसला ०.३५ आणि गायकाच्या आवाजाला ०.२१. डेसिबलमध्ये हा फरक सुमारे ४.४ येतो. म्हणजे कोणीतरी गुपचूप इक्वलायझरमध्ये बेस साडेचार डेसिबल वर करून ठेवलाय. माझा 'वॉर्म साउंड' म्हणजे हा होता.

आता हाच हिशेब सेनहायझरच्या एचडी ६५० वर करू. ३०० ओहमचा हेडफोन, ट्यूबवाल्यांचा लाडका. बेसमध्ये त्याचे ओहम ५०० च्या आसपास जातात. ३०० भागिले ४२० म्हणजे ०.७१. ५०० भागिले ६२० म्हणजे ०.८१. फरक सुमारे १ डेसिबल. तोच ॲम्प, तोच रोध. एका हेडफोनवर चिखल, दुसऱ्यावर किंचित उबदारपणा. ॲम्प वाईट नव्हता, जोडी चुकली होती.

तुम्ही कदाचित 'आठपट' नियम ऐकला असेल. हेडफोनचे ओहम ॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या आठपट असावेत. नियम बरोबर आहे, पण तो 'अजिबात फरक पडू नये' यासाठी आहे. ३०० आणि १२० ही जोडी तो नियम सरळ मोडते. पण किती मोडते ते आपण काढलं, १ डेसिबल. तेवढा आवडत असेल तर खुशाल मोडा. फक्त मोडतोय हे माहीत असू द्या.

मग निवडायचं कसं? ढोबळमानानं तीन प्रकार आहेत.

पहिला ओटीएल. २५०, ३००, ६०० ओहमचे हेडफोन असतील तरच. सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५०, बायरडायनॅमिकचे २५० आणि ६०० ओहमचे मॉडेल, हे त्याचे गिऱ्हाईक. इअरफोन मात्र ओटीएलला कधीच लावू नका. ते इतके संवेदनशील असतात की गाण्याआधी सूं-सूं आणि गूं-गूं ऐकू येईल.

दुसरा हायब्रिड. पुढे छोटी ट्यूब, मागे ट्रान्झिस्टर. ट्यूब व्होल्टेज वाढवते, ट्रान्झिस्टर करंट देतो. चांगल्या हायब्रिडचा आउटपुट इम्पिडन्स खूप कमी असतो. ३२ ओहमचे हेडफोन असोत की करंट मागणारे प्लॅनर, दोन्ही चालतात. बहुतेकांचं यावरच भागतं. खरेदी करताना एक बघा, काही स्वस्त डब्यांमध्ये ट्यूबच्या खाली केशरी एलईडी लावलेला असतो. दिवा दिसतोय म्हणजे ट्यूब जोरात काम करतेय असं नाही. खऱ्या तारेचा उजेड मंद असतो.

तिसरा, ट्रान्सफॉर्मरवाला ट्यूब ॲम्प. सगळ्या प्रकारचे हेडफोन चालवतो, पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड असतो. पहिल्या खरेदीसाठी मी हा सुचवणार नाही.

आता जरा अप्रिय बोलतो. 'माझ्या हेडफोनला ताकद कमी पडते' म्हणून ट्यूब ॲम्प घेत असाल तर आधी हिशेब करा. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल देतो, कंपनीचाच आकडा आहे. काही टाइप-सी डोंगल १ व्होल्ट देतात. म्हणजे अंगठ्याएवढा डोंगलसुद्धा या हेडफोनला १०३ डेसिबलपर्यंत नेऊ शकतो. जोरकस क्षणांसाठी ११० पाहिजे म्हणालात तर सव्वादोन व्होल्ट, सुमारे १७ मिलीवॉट. वॉट नाही, मिलीवॉट! त्यासाठी साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प पुरतो.

मग ट्यूब कशासाठी? आवडीसाठी. चहा कपातून पिता येतो आणि काचेच्या ग्लासातूनही, कटिंग ग्लासातच बरी लागते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण गरज आणि आवड यांची गल्लत झाली की माणूस साडेसतरा हजार घालून तीन महिने स्वतःशी खोटं बोलतो.

मी पुढे जुना एचडी ६५० घेतला आणि मग ताईला बसवून एक चाचणी केली. एक ट्यूब ॲम्प, एक साधा ॲम्प. ती वायर बदलायची, मी डोळे मिटून सांगायचो. पहिल्या फेरीत दहापैकी दहा बरोबर! मी हवेत. मग मल्टिमीटर लावला तर कळलं, ट्यूब ॲम्प थोडा मोठ्यानं वाजत होता, आणि आपल्या कानाला जे मोठं तेच चांगलं वाटतं. दोघांचा व्होल्टेज सारखा करून पुन्हा केलं. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर दहापैकी आठ. तानपुऱ्यावरच्या ख्यालावर दहापैकी पाच, म्हणजे छापा-काटा. दहा वेळा ही काही मोठी चाचणी नव्हे, पण माझा माज उतरायला पुरेशी होती. ताई म्हणाली, "एवढ्या पैशात फ्रीज आला असता." त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता दुसरी किंमत, कानाची.

एचडी ६५० हा उघड्या कपांचा हेडफोन आहे. बाहेरचा आवाज सरळ आत येतो. गेल्या एप्रिल-मेमध्ये आमच्या रिलीजची धांदल होती. रात्री दहा ते तीन काम. ६०८० ची फक्त आतली तार तापवायला १६ वॉटच्या आसपास वीज लागते, बाकीचं वेगळं. पुण्याचा उन्हाळा, छोटी खोली, टेबलावर ही शेगडी. मग पंखा पाचवर. पंख्याचा आवाज हेडफोनमध्ये. मग व्हॉल्यूम थोडा वर. आवाज टोचत नव्हता, म्हणून अजून थोडा वर. रोज एक केसभर.

एका रात्री तीन वाजता हेडफोन काढला, पंखा बंद केला, आणि उजव्या कानात बारीक 'ईईई' आवाज. मला वाटलं ॲम्प चालूच राहिला. प्लग काढला. आवाज तसाच. तो ॲम्पमधून येतच नव्हता.

तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली ती कळली नाही, तेव्हा घाबरून तपासणीला गेलो. त्या बंद केबिनमध्ये, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावरच्या आलेखात उजव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी एक खड्डा होता. मोठ्या आवाजानं झालेली इजा बहुधा तिथंच पहिल्यांदा दिसते. तपासणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खड्डा लहान आहे. तो भरून येणार नाही. वाढू द्यायचा की नाही, ते तुमच्याकडे." कानाच्या आतल्या केसपेशी मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. ट्यूब बदलता येते, त्या नाही.

घरी येऊन मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. किती मोठ्यानं ऐकतो ते मोजलं. तुम्हीही करू शकता, नीट ऐका.

हेडफोन डोक्यावरून काढून ठेवा, ही पहिली अट. नेहमीच्या गाण्यावर नेहमीचा व्हॉल्यूम लावा आणि मग बटणाला हात लावू नका. फोनवर किंवा लॅपटॉपवर ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा, म्हणजे ० डेसिबलचा सूर वाजवा. हेडफोन जोडलेलाच ठेवून, दोन तोंडांच्या स्प्लिटरच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज बघा. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर इथं चालत नाही. त्यावर एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते, ०.४ व्होल्ट त्यावर नीट दिसणार नाही. छोटी रेंज असलेला हवा. मग एचडी ६५० साठी १ व्होल्टला १०३ हा आकडा धरून हिशेब करा. व्होल्टेज निम्मा झाला की ६ डेसिबल कमी, दुप्पट झाला की ६ जास्त.

माझा दिवसाचा व्हॉल्यूम ०.४ व्होल्ट निघाला, म्हणजे कमाल ९५ डेसिबल. हल्लीच्या गाण्यांची सरासरी पातळी कमाल पातळीपेक्षा साधारण १२ नं खाली धरली तर ८३. रिलीजच्या रात्रींचा व्हॉल्यूम लावला तर १.३ व्होल्ट. कमाल १०५, सरासरी ९३ च्या घरात. हा अंदाज आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही. पण पुढचा आकडा ऐका. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास. ८६ ला १०. ८९ ला ५. ९२ ला अडीच. माझ्या ९३ ला साधारण दोन तास, आठवड्याचे. मी रोज रात्री पाच तास ऐकत होतो.

म्हणून मी म्हणतो, ॲम्प निवडायची सुरुवात ॲम्पपासून करू नका. कानापासून करा. किती डेसिबल हवेत ते ठरवा, त्याला तुमच्या हेडफोनवर किती व्होल्ट लागतात ते काढा, मग ते व्होल्ट देणारा ॲम्प शोधा. एकच हिशेब पैसेही वाचवतो आणि कानही.

आता ज्यांना हे सगळं ऐकूनही ट्यूब ॲम्प घ्यायचाच आहे, ते माझेच भाऊबंद. त्यांच्यासाठी वापरायच्या गोष्टी भराभर.

घेताना व्होल्टेज बघा. बाहेरून मागवलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे २३० आहे. मागे बदलायचा स्विच आहे का, ते प्लग लावण्याआधी बघायचं, नंतर नाही.

तीन पिनांचाच प्लग आणि खरं अर्थिंग. आत दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी फिरत असतो आणि ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहतो. यूट्यूब बघून झाकण उघडू नका.

ॲम्प चालू करताना आणि बंद करताना हेडफोन काढलेला ठेवा. व्हॉल्यूम शून्यावर, मिनिटभर तापू द्या, मग प्लग लावा. तापताना 'धप्प' असा धक्का येतो, तो कानाला आणि हेडफोनला दोघांना नको.

गूं-गूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष ट्यूबचा नाही, अर्थिंगच्या वळशाचा आहे. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. आणि टाइप करताना कानात 'टिंग टिंग' येत असेल तर ट्यूब टेबलाचे हादरे पकडतेय. ॲम्पखाली रबराचे पाय लावा आणि कीबोर्डपासून लांब ठेवा.

ट्यूब बदलायची तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचीच. १२एयू७ आणि ईसीसी८२ ही एकाच ट्यूबची दोन नावं, ती चालेल. पण ६डीजे८ ला पण नऊच पिना आहेत म्हणून ती तिथं खुपसू नका, तिची तापायची जोडणी वेगळी असते. आणि ॲम्प पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा.

आणि वापर नसेल तेव्हा बंद करा. ५० वॉटचा ॲम्प रोज आठ तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात, आणि ट्यूबचं आयुष्यही तेवढं सरतं.

माझं विचाराल तर ॲम्प अजून टेबलावर आहे. विकला नाही. व्हॉल्यूमच्या बटणावर मी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावलाय, ०.३ व्होल्टचा. त्याच्या पुढे जायचं नाही. पंखा जोरात असला की बंद कपांचा हेडफोन, साध्या ॲम्पवर. ट्यूब ॲम्प फक्त रविवारी सकाळी, पंखा बंद करून, तासभर. कानातला तो 'ईईई' पूर्ण गेलेला नाही. रात्री खूप शांत असलं की येतो. मी त्याला ओळखायला लागलोय.

तर मंडळी, आज एकच काम करा. तुमच्या हेडफोनच्या खोक्यावर ओहम आणि डेसिबलचे आकडे शोधा आणि मला मेसेज करा. पुढच्या भागात त्यातलेच काही घेऊन हिशेब मांडू. आणि हे ऐकत असाल, वाचत नसाल, तर आत्ता लगेच व्हॉल्यूम दोन पायऱ्या खाली आणा. अजूनही ऐकू येतंय ना? मग तेवढाच पुरे. भेटू.